नळावरचं वळण

सोमवारी सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी एका सायकलनं राधाकाकूंना उडवलं. वेळ मला नक्की माहीत आहे, कारण फॅक्टरीचा दुसरा भोंगा सहा पंचावन्नला होतो आणि तो झाला तेव्हा आम्ही त्यांना उचलत होतो. मी घराच्या पायरीवर दात घासत होते. आधी लोखंडी बादली फरशीवर आपटली, मग हाड मोडलं. ओलं लाकूड पिळल्यासारखा तो आवाज होता. काकू नळाच्या ओट्यावरून घसरून गल्लीत पडल्या आणि त्यांचा उजवा पाय मांडीपासून भलत्याच बाजूला वळला. सायकलस्वारही पडला होता. त्यानं डोक्याला मफलर गुंडाळलेला होता. उठून त्यानं काकूंकडे एकदा पाहिलं, सायकल उचलली आणि उतारानं निघून गेला.

आमची गल्ली हिंदी मुलखातल्या रांझीत, वरच्या बस्तीकडून फॅक्टरीच्या गेटकडे उतरते. मोठ्या रस्त्यानं गेलं तर अर्धा मैल जास्त पडतो, म्हणून सकाळच्या शिफ्टचे दोनशेच्या वर सायकलवाले आमच्या दारावरूनच जातात. पहिला भोंगा साडेसहाला, दुसरा सहा पंचावन्नला, सातला गेट बंद. आणि नळाला पाणी येतं ते पावणेसातला. म्हणजे ज्या पंधरा मिनिटांत सायकली सर्वांत जास्त, त्याच पंधरा मिनिटांत बायका पाणी भरायला गल्लीत. नळ वळणावर आहे. एका बाजूला फॅक्टरीच्या क्वार्टरची भिंत, दुसऱ्या बाजूला नाली.

राधाकाकूंचे यजमान अंबादासकाका फॅक्टरीत टर्नर होते. त्यांची ड्यूटी आठची. मंगळवारी सकाळी ते चार फूट लांबीचा लोखंडी पाइप घेऊन नळापाशी उभे राहिले. सहा पन्नासच्या सुमारास पहिल्या भरधाव सायकलच्या चाकात त्यांनी तो पाइप घातला. चाक जागच्या जागी थांबलं आणि माणूस पुढे गेला. पन्नाशीचा माणूस, हँडलला डब्याची पिशवी. त्याचे समोरचे दोन दात नालीच्या कडेवर राहिले. तोंडावर हात धरून तो एवढंच म्हणाला, "भैया, मेरा कसूर तो बताओ."

"सगळ्यांचाच आहे," काका म्हणाले. मराठीतच म्हणाले. त्या माणसाला काय कळलं ते माहीत नाही.

त्यानंतर त्यांनी आणखी दोघांना पाडलं. बुधवारी सकाळी वरच्या बस्तीतून तीसएक सायकली एकदम आल्या आणि पुढच्या चौघांच्या हातात सायकलच्या चेन होत्या. त्यांनी नळाशी उभ्या असलेल्या कुणालाच सोडलं नाही. शेजारच्या रामरावांच्या कपाळाचं कातडं भुवईवर लोंबत आलं. एका बाईच्या पाठीवर चेनचे वळ उठले, प्रत्येक कडी वेगळी दिसेल असे. मी ते मोजले, अकरा कड्या. मोजल्यावर मला स्वतःचाच राग आला, आणि त्या रागातच मी ठरवलं की मोजायचंच असेल तर नीट मोजायचं.

त्या वर्षी, म्हणजे बहात्तरच्या फेब्रुवारीत, मला फिजिक्स घेऊन बी.एस्सी. होऊन आठ महिने झाले होते. नोकरी नव्हती. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून मी स्टॉपवॉच मागून आणलं. आमच्या खिडकीतून गल्लीचा उतार पूर्ण दिसतो. भिंतीवर खडूनं वीस मीटर अंतरावर दोन खुणा केल्या. सायकल वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत किती सेकंदांत येते ते घ्यायचं, आणि शेजारी सायकलचा नंबर लिहायचा. फॅक्टरीच्या सायकल स्टँडचा नंबर मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगानं लिहिलेला असतो. तीच सायकल उद्या कशी येते हे कळावं, म्हणून नंबर हवा होता. दुसरं काही माझ्या मनात नव्हतं.

"काय करून राहिली वहीत?" बाबांनी विचारलं.

"मोजून राहिले."

"मोजून काय होते? त्या रामरावाचं कपाळ जुळते?"

"पुढचं फुटत नाही."

"अच्छा," बाबा म्हणाले आणि चहा पिऊन गेले. त्यांना ते पटलं नव्हतं, पण खिडकीतली खुर्ची त्यांनी माझ्यासाठी तिथेच ठेवली.

आठ दिवस मी मोजलं. त्या आठवड्याचे तीन, पुढच्या आठवड्याचे पाच. सकाळी सरासरी दोनशे बारा सायकली, त्यांतल्या दीडशे शेवटच्या अकरा मिनिटांत. वळणावर गल्ली दोन मीटर दहा सेंटिमीटर रुंद, त्यात नळाचा ओटा साठ सेंटिमीटर पुढे आलेला. म्हणजे उरलेल्या दीड मीटरमधून दीडशे सायकली आणि बादल्या घेतलेल्या वीस बायका. एक गोष्ट मात्र मला वाटली होती त्याच्या उलटी निघाली. काका पाइप घेऊन उभे असत त्या दिवशी सायकलींचा वेग जास्त असे. ते नसत त्या दिवशी कमी. पाइपवाल्या माणसासमोरून कुणी हळू जात नाही.

मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते हसले. अपघातानंतर पहिल्यांदाच.

"म्हणजे मी घरी बसलो तर हे लोक भजन म्हणत हळूहळू येतील?"

"तसं नाही काका. दोन कठडे लावायचे. एक भिंतीकडून, एक नालीकडून, थोडे पुढेमागे. मधून सायकल वळवून न्यावी लागेल. वळवायची तर उतरावं लागेल."

त्यांनी वही हातात घेतली आणि माझं चित्र बराच वेळ पाहिलं. टर्नरच्या नजरेनं पाहिलं. "दीड इंची पाइप चालेल," ते म्हणाले. "वेल्डिंग मी करतो. पण ऑफिसची परवानगी लागेल, नाही तर उद्याच उपटून नेतील."

म्हणून अर्ज करायचं ठरलं. क्वार्टरच्या ऑफिसला माझ्या आकड्यांसकट. गल्लीतल्या चौदा घरांनी सह्या केल्या. काका त्या तीन दिवसांत पाइप घेऊन बाहेर आले नाहीत आणि मला वाटलं, आता हे संपेल.

शुक्रवारी संध्याकाळी राधाकाकूंना दवाखान्यातून घरी आणलं. कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. मी भेटायला गेले तर काका खाटेशेजारी बसून संत्रं सोलत होते.

"मले आता आठवते," काकू म्हणाल्या. "मी खाली पडली होती ना, तो उठून सायकल घेत होता तवा त्याचं मागचं चाक माझ्या तोंडासमोर होतं. वर पांढरे आकडे होते. शेवटी एक अन् सात."

"हे आज सांगून राहिली?" काका म्हणाले.

"तुम्ही विचारलं काय? तुम्ही तर पाइप घेऊन बाहेर होते."

वही माझ्याजवळच होती. सतरा या आकड्यानं संपणारा नंबर माझ्याकडे एकच होता. पान सापडल्यावर मला जो आनंद झाला तो मी लपवू शकले नाही. एखादं अवघड समीकरण सुटल्यावर होतो तसा.

"तेवीसशे सतरा," मी म्हणाले. "ताशी पंचवीस किलोमीटर. सगळ्या सायकलींत वेगवान."

काकांनी संत्र्याची फोड काकूंच्या हातात ठेवली आणि हात धोतराला पुसले. "तेवीसशे सतरा," ते म्हणाले. मी घरी आले आणि शांत झोपले.

शनिवारी पहाटे उठून मी अर्जाला जोडायचे आकडे स्वच्छ अक्षरात उतरवत होते. तेवीसशे सतराच्या ओळीपाशी आले. पहिले तीन दिवस, २.९, २.८, ३.० सेकंद. सोमवारपासून, ६.४, ६.७, ६.५, ६.३, ६.६. समासात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'ब्रेक दुरुस्त केला असावा.' मग मी येण्याची वेळ पाहिली. पहिल्या आठवड्यात सहा एक्कावन्न, सहा बावन्न. या आठवड्यात सहा चाळीसच्या आत.

ब्रेक दुरुस्त केला तर माणूस हळू येईल. पण त्यासाठी तो बारा मिनिटं लवकर उठणार नाही.

सोमवारी शिफ्ट बदलते. अर्ध्या रांझीत एक सायकल दोघांत असते. दोन भाऊ, बाप-लेक, जावई आणि साळा. एकाची शिफ्ट सकाळची, दुसऱ्याची दुपारची. सकाळचा माणूस साडेतीनला सायकल स्टँडवर सोडून पायी घरी येतो, दुपारचा पायी जातो आणि सुटी झाल्यावर तीच सायकल घेऊन परततो. पुढच्या सोमवारी उलट. नंबर सायकलचा असतो, माणसाचा नसतो. हे मला माहीत होतं. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. काका स्वतः लग्नाआधी सहा वर्षं असेच एका सायकलवर भावाबरोबर फिरले होते. तरी आदल्या संध्याकाळी आमच्यातल्या कुणालाही ते सुचलं नाही.

घड्याळात सहा एकोणचाळीस झाले होते. मी वही घेऊन अनवाणी पळाले.

मी वळणावर पोचले तेव्हा सायकल आडवी पडली होती आणि चाक फिरत होतं. पाच माणसं होती, आमच्याच गल्लीतली. रामराव कपाळाच्या पट्टीसकट होते. मधे चाळिशीचा एक किरकोळ माणूस गुडघ्यांवर होता. मी त्याला ओळखत होते, वरच्या बस्तीतला बळीराम, फिटर. गणपतीत मांडवाचे बांबू तोच बांधायचा. त्याच्या कानातून रक्त येऊन मानेवरून स्वेटरच्या गळ्यात जात होतं. एकानं त्याच्या पाठीत लाथ घातली आणि तो हातांवर पडला. हात ओट्याच्या कडेवर आले.

"ब्रेक कोणत्या हातानं लावतात?" काकांनी त्याला विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "सांग ना. ह्याच ना?"

त्यांनी पाइप उजव्या हातावर मारला. बोटं सिमेंटवर होती, त्यामुळे मारायला खाली आधार होता. बळीराम ओरडला नाही. त्याच्या घशातून फक्त हवा बाहेर आली. काकांनी पुन्हा पाइप उचलला. मधली दोन बोटं आता चपटी झाली होती आणि नखाखालून रक्त फुटत होतं. दुसरा फटका मनगटाजवळ बसला. नळाशी बायका उभ्या होत्या. पाणी अजून आलं नव्हतं. रिकाम्या बादल्या घेऊन त्या पाहत होत्या.

"काका, हे नाहीत," मी म्हणाले. "त्या सोमवारी हे नव्हते."

"सायकल हीच ना?"

"सायकल हीच. माणूस हा नव्हता. माझ्या वहीत आहे. मागच्या आठवड्यात दुसरं कुणी तरी चालवत होतं."

काका थांबले. पाइप खांद्याएवढा वर होता. बाकीचे चौघे माझ्याकडे वळले.

"मग कोण?" काकांनी विचारलं.

बळीरामनं मान वर केली. रक्तानं त्याचा एक डोळा मिटला होता. उघड्या डोळ्यानं त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. अगदी थोडी, डावीकडे, उजवीकडे. तेव्हा मला कळलं की त्याला पहिल्या फटक्यापासूनच माहीत होतं. एक नाव घेतलं असतं तर तो सुटला असता, आणि त्यानं ते घेतलं नव्हतं.

मला ते नाव माहीत नव्हतं. पण मी 'दुसऱ्या शिफ्टवाला' एवढं म्हटलं असतं तरी पुरेसं होतं. वरच्या बस्तीत जाऊन विचारायला दहा मिनिटं लागली असती. पाच माणसं, पाच पाइप आणि दुसरा एक माणूस, जो अजून झोपलेला असेल.

"कोण, विनता?" काका पुन्हा म्हणाले.

"कुणी नाही. मी नंबर बनवला."

"काय?"

"वहीत सतरा नव्हतंच. काल काकू म्हणाल्या म्हणून मी घातलं. बाकीचे आकडेही असेच, अंदाजानं. रोज खिडकीत बसणं झालं नाही."

आयुष्यात एवढं सरळ खोटं मी त्याआधी बोलले नव्हते. ते इतकं सहज आलं याचं नंतर नवल वाटलं. काकांनी पाइप डाव्या हातात घेतला आणि उजव्या हातानं माझ्या थोबाडीत मारली. चष्मा उडाला. खालचा ओठ दातावर फाटला आणि तोंड गरम झालं. त्यांनी मला लहानपणी सायकल शिकवली होती. दुसरी थप्पड रामरावांची होती, ती कानावर बसली आणि तो कान दिवसभर वाजत राहिला.

"पोरीच्या वहीवर आम्ही माणूस मारला," काका म्हणाले. "पोरीच्या वहीवर."

त्यांनी माझ्या हातातून वही घेतली, फाडली आणि नालीत टाकली. आठ दिवसांचे सोळाशे शहाण्णव आकडे होते त्यात. अर्जावर चौदा सह्या होत्या, त्यातल्या अकरा लोक त्याच दुपारी घरोघरून येऊन खोडून गेले. खोट्या आकड्यांवर कोण सही ठेवील?

बळीरामला दवाखान्यात आम्ही दोघांनी नेलं, बाबांनी आणि मी. तीन बोटं मोडली होती आणि मनगट. मधलं बोट संध्याकाळी दुसऱ्या पेऱ्यापासून कापलं. कानाच्या पडद्याचं डॉक्टर नंतर सांगणार होते. त्याची बायको इंदू दुपारी आली, पदर कमरेला खोचून, बस्तीतून पायी. बरोबर तेवीसएक वर्षांचा एक मुलगा होता. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि तिथून हलला नाही. त्याचं नाव नथ्थू. इंदूचा धाकटा भाऊ, वर्ध्याहून येऊन दोन वर्षं यांच्याकडेच राहिलेला. त्याच्या गळ्यात मफलर होता.

इंदूनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तूच का ती वहीवाली?"

"हो."

"तुझी वही माझ्या घरात काहून आली?"

मी फाटक्या ओठावर रुमाल दाबला.

"फिटर आहे माझा माणूस," ती म्हणाली. "त्या हातानं घर चालते. तुला मोजायला दुसरं काही नाही सापडलं? तारे-बिरे मोजायचे."

"इंदू," बळीराम म्हणाला. औषधानं त्याची जीभ जड झाली होती. "तिनंच थांबवलं. नाही तर दोघं गेलो असतो."

"दोघं कोण?"

बळीरामनं तोंड भिंतीकडे फिरवलं. इंदूनं आधी त्याच्याकडे आणि मग हळूहळू खाटेच्या पायथ्याकडे पाहिलं. नथ्थूनं मान खाली घातली.

"तू," ती म्हणाली.

"ताई, मी सांगून येतो त्यांना."

"गप राह," बळीराम म्हणाला. "माझा हात गेला तो गेला. तुझे पाय मोडले तर हिनं दोघांचं कसं करायचं? गप राह अन् मोठ्या रस्त्यानं ड्यूटीवर जा."

 मी घरी आले. मला वाटलं, नथ्थू ऐकेल.

रविवारी दुपारी चारला नळाला पाणी येतं. सवाचारच्या सुमारास तो उतारावरून सायकल हातात धरून चालत आला, तीच सायकल. नळावर बायका होत्या. त्यानं सायकल काकांच्या अंगणाच्या भिंतीला लावली, चपला काढल्या आणि आत गेला. मी खिडकीत होते. काकूंची खाट उन्हासाठी अंगणात आणली होती.

"काकू, मी होतो," तो म्हणाला. "त्या सोमवारी मी होतो. जिजाजी नव्हते."

काका घरातून पाइप घेऊनच बाहेर आले. मी जिन्यावरून उतरेपर्यंत पहिला फटका बसला होता, डाव्या नडगीवर. दुसरा तिथेच. नथ्थू खाली बसला, पण त्यानं हात वर केले नाहीत. तिसऱ्या फटक्याला पायातून तसाच आवाज आला, ओल्या लाकडाचा, जो मी तेरा दिवसांपूर्वी ऐकला होता. काका थांबत नव्हते. ते रडत होते आणि मारत होते. मी मधे गेले आणि पाइप माझ्या खांद्यावर उतरला. हात लगेच बधिर झाला.

"अवो, बस करा," काकू खाटेवरून म्हणाल्या. "आता याला माझ्याच खाटेवर झोपवता काय? जागा नाही."

काका थांबले, पाइप हातातच.

काकूंनी नथ्थूकडे पाहिलं. "घंटी काहून नाही वाजवली रे?"

"वाजवली होती, काकू." त्याचे दात एकमेकांवर वाजत होते. "वरून वाजवत आलो. तुम्ही हललाच नाही. मला वाटलं, उठाल."

"खोटं," काका म्हणाले.

"आईची शपथ."

"मले काही ऐकू नाही आलं," काकू म्हणाल्या. "बादली लावली होती. नळ जोरात होता."

मी आठ दिवस गल्लीची रुंदी, सायकलींचा वेग, माणसांची संख्या मोजली होती. आवाज मोजला नव्हता. खिडकी वर होती, तिथे मला प्रत्येक घंटी ऐकू येत असे.

"काका," मी म्हणाले, "हे तपासता येईल. आत्ता पाणी चालू आहे."

त्या मुलाचा पाय मोडलेला, तो अंगणात पडलेला, आणि मी हे बोलले. बाबा रिक्षा आणायला गेले होते, रविवारी ती मिळायला वेळ लागणार होता, हे सगळं खरं आहे. तरी त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. पण दुसरं कुठलं वाक्य त्या माणसाच्या हातातून पाइप सोडवणार होतं ते मला अजून सापडलेलं नाही.

काका ओट्यावर बसले, बायका बसतात तसे, उताराकडे पाठ करून. रिकामी लोखंडी बादली नळाखाली लावली. सुरुवातीचं पाणी जोरात असतं, हातभर उंचीवरून ते पत्र्यावर पडायला लागलं. मी सायकल घेऊन वर गेले आणि वरच्या खुणेपासून घंटी वाजवत खाली चालत आले. वीस मीटर. काकांनी मान वळवली नाही. दहा. नाही. गल्लीतली सगळी दारं उघडी होती आणि दारातले लोक घंटी ऐकत होते, फक्त ते एकटे ऐकत नव्हते. तीन मीटरवरही नाही. मग ते दचकून वळले आणि पुढचं चाक त्यांच्या गुडघ्यापाशी होतं.

ते काही वेळ चाकाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "पुन्हा."

मी पुन्हा वर गेले. दुसऱ्या वेळीही तेवढंच झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी रामरावांना बसवलं आणि स्वतः माझ्याबरोबर चालत आले, घंटीवर स्वतःचा अंगठा ठेवून. रामरावांची पाठ जवळ येत गेली आणि हलली नाही.

काका घरात गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पाइप नव्हता. घण होता, दोन हातांनी उचलायचा. बायकांनी बादल्या बाजूला ओढल्या. त्यांनी ओट्यावर पहिला घाव घातला आणि सिमेंटचा तुकडा उडून भिंतीवर आपटला. दुसरा घाव त्याच्याच बाजूला. त्यांचं तोंड वाकडं झालं होतं. मला वाटलं, ते काही तरी म्हणतायत, पण ते नुसता श्वास सोडत होते. कडेच्या ज्या जागी बळीरामचा हात होता तिथला डाग अजून पूर्ण धुतला गेला नव्हता. तिथे त्यांनी सात वेळा मारलं. सिमेंट फुटून खालच्या विटा दिसल्या, मग विटा फुटल्या. शेवटी नळाची उभी नळी वाकली आणि पाणी माणसाच्या उंचीएवढं वर उडालं. रामराव पहार घेऊन आले. त्यांच्यामागून आणखी दोघं आले, शनिवारी होते त्यांतले.

"नळ मागे घ्या," काकू अंगणातून ओरडून सांगत होत्या. "भिंतीच्या आत, आपल्या अंगणात. बाया इथे येऊन भरतील."

"ऑफिसची परवानगी?" कुणी तरी विचारलं.

"त्यांना म्हणा, मी लंगडी आहे. मला नळ दारात पाहिजे."

वरून एक सायकलवाला आला. पाणी आणि विटा पाहून तो उतरला आणि सायकल उचलून कडेकडेनं गेला. कुणी त्याला काही म्हटलं नाही.

तेवढ्यात इंदू पळत आली. तिला कुणी तरी सांगितलं असावं. काकांच्या घणाजवळून ती सरळ गेली, त्यांच्याकडे पाहिलंही नाही. अंगणात जाऊन भावाशेजारी बसली, पाय पाहिला आणि त्याच्या गळ्यातला मफलर सोडून नडगीला घट्ट गुंडाळला. तो किंचाळला. तिनं आणखी घट्ट केला. मग तिनं वर पाहिलं आणि मी दिसले.

"रिक्षा?"

"बाबा गेलेत. अजून आली नाही."

"सायकल आण."

आम्ही दोघींनी त्याला कॅरिअरवर बसवलं. माझा एक हात चालत नव्हता. तिनं त्याचा मोडका पाय आपल्या दोन्ही हातांत आडवा धरला, तान्ह्या मुलाला धरतात तसा, आणि सायकलच्या बाजूनं चालायला लागली. मी हँडल धरलं. विटांच्या ढिगाऱ्यापाशी काकांनी घण खाली ठेवला आणि वाटेतले तुकडे हातांनी बाजूला केले. त्यांच्या तळव्यांना फोड येऊन फुटले होते. इंदू थांबली नाही.

उतार सुरू झाला तसं चाक आपोआप पुढे जायला लागलं. नथ्थूनं माझ्या पाठीत डोकं टेकलं होतं आणि तो थरथरत होता.

"हळू ने," इंदू म्हणाली.

मी दोन्ही ब्रेक धरले, बधिर हातानंही.